हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करायचंय? केसपेपरपासून क्लेमच्या पैशापर्यंत

संध्याकाळचे सहा वाजलेत. डॉक्टरांनी डिस्चार्ज दुपारी बारालाच सांगितला होता. आजी साडी बदलून, पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर बसल्यात आणि त्यांचा मुलगा चौथ्यांदा काउंटरवर येऊन विचारतोय, "मॅडम, अप्रूव्हल आलं का?" विमा कंपनीचं अप्रूव्हल आलेलं नाही, क्वेरी, म्हणजे कंपनीची शंका, आली आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेल्या लेन्सचं स्टिकर फाइलला लागलेलं नाही. ते ओटीच्या रजिस्टरला चिकटवलंय आणि रजिस्टर कपाटात आहे. मग ओटीतल्या मामांना फोन, स्टिकरचं स्कॅन, पोर्टलवर अपलोड आणि पुन्हा वाट बघणं. बोटभर कागदापायी एका म्हाताऱ्या बाईचा अख्खा दिवस गेला.

मिरजेत एका छोट्या नर्सिंग होमच्या रिसेप्शनवर मी कामाला लागले, पुढे बिलिंग केलं आणि मग बरीच वर्षं टीपीए डेस्क, म्हणजे विम्याच्या क्लेमचं टेबल, सांभाळला. नव्या मुली भेटल्या की पहिला प्रश्न हमखास येतो, "ताई, कुठला कोर्स करू?" कोर्सबद्दल पुढे सांगतेच. पण आधी हे समजून घ्या की या कामात फाइल शिकावी लागते. पेशंटचं नाव नोंदवल्यापासून विमा कंपनीचे पैसे बँकेत जमा होईपर्यंत ती कुणाकुणाच्या हातातून जाते आणि कुठे अडते, हे ज्याला कळलं त्याला कुठल्याही हॉस्पिटलात काम मिळतं.

कामं कोणती असतात

मोठ्या हॉस्पिटलात पाच टेबलं वेगवेगळी असतात. ओपीडी नोंदणी आणि चौकशी, अ‍ॅडमिशन, बिलिंग, विम्याचा टीपीए डेस्क आणि जुन्या फाइली सांभाळणारा विभाग, म्हणजे एमआरडी. वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये ही पाचही टेबलं एकाच खुर्चीवर असतात. म्हणूनच सुरुवात छोट्या ठिकाणी करा असं मी सांगते. तिथे पगार कमी मिळतो, पण वर्षभरात सगळी फाइल डोळ्यांखालून जाते. कॉर्पोरेट हॉस्पिटलात वर्षभर फक्त ओपीडीच्या पावत्या फाडत बसलेल्या मुली मी पाहिल्यात.

शिक्षण आणि सर्टिफिकेट

नर्स किंवा फार्मासिस्टला कौन्सिलची नोंदणी लागते. रिसेप्शन, बिलिंग, टीपीए डेस्क यांना तशी लागत नाही. बारावी झालेल्याला रिसेप्शन मिळतं. बिलिंग आणि टीपीएला बहुतेक ठिकाणी पदवीधर मागतात आणि बीकॉमवाल्यांना थोडं झुकतं माप मिळतं. एमआरडीचं वळण मात्र बदलतंय. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आणि त्यात आरोग्य माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र गट धरला आहे. ज्यांना फाइली आणि कोडिंगमध्येच (आजार-उपचारांना ठरलेले संकेतांक देण्याच्या कामात) पुढे जायचंय त्यांनी या विषयाचा नीट डिप्लोमा किंवा पदवी केलेली बरी.

बाकीच्यांनी या क्रमाने जावं. पहिलं एमएस-सीआयटी. ते नसेल तर अर्जच बाजूला पडतो. दुसरी टायपिंगची परीक्षा, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची, इंग्रजी तीस किंवा चाळीस शब्दांची आणि जमलं तर मराठीही. दिवसभर डिस्चार्ज कार्ड आणि पत्रं टाइप करायची असतात, त्यामुळे हे सर्टिफिकेट इंटरव्ह्यूत दिसतं आणि कामातही रोज उपयोगी पडतं. तिसरा हॉस्पिटलचा म्हणून जो कोर्स असतो तो. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा हॉस्पिटल फ्रंट डेस्क कोऑर्डिनेटर हा कोर्स या कामाला सर्वांत जवळचा आहे. कुठलाही कोर्स घेताना तो राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसतो का, सर्टिफिकेटवर त्याची पातळी छापलेली असते का आणि परीक्षा संस्थेबाहेरचा माणूस घेतो का, हे तिन्ही प्रश्न विचारा. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: प्रत्यक्ष काम कुठल्या हॉस्पिटलात आणि किती दिवस देणार? हॉस्पिटलचं नाव सांगता येत नसेल तर फी भरू नका.

हे मी कळकळीने सांगतेय, कारण माझे पैसे असे गेलेत. "शंभर टक्के नोकरी" असं लिहिलेल्या बोर्डाखालच्या एका संस्थेत मी सहा महिन्यांचा डिप्लोमा केला. वडिलांनी सोसायटीतून उचल घेऊन फी भरली होती. रंगीत सर्टिफिकेट मिळालं. पहिल्याच इंटरव्ह्यूत मॅनेजरनी ते उलटसुलट करून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि कोरा प्रीऑथ फॉर्म, म्हणजे विमा कंपनीकडे आधी मंजुरी मागायचा अर्ज, पुढे सरकवला, "हा भरून दाखवा." सहा महिन्यांत तो फॉर्म मला कुणी दाखवलाच नव्हता.

मोठ्या पदावर जायचं ध्येय असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेची हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स पदवी किंवा तत्सम अभ्यासक्रम आहेत. पण आधी दोन वर्षं काउंटर करून जा, म्हणजे तिथे शिकवलेलं अंगात मुरतं.

रुजू होण्याआधी घरी करायचा अभ्यास

वैद्यकीय शब्द पाठ करत बसू नका, ते फोडायला शिका. शेवटी "एक्टमी" आलं की काहीतरी काढलंय, "ऑटमी" आलं की कापून उघडलंय, "ऑस्टमी" आलं की शरीराला बाहेर उघडणारं तोंड करून ठेवलंय, "स्कोपी" आलं की दुर्बिणीतून पाहिलंय. एवढ्यावर निम्मी ऑपरेशन-यादी वाचता येते. मग ओळखीच्या मेडिकल स्टोअरवाल्याला दुपारच्या निवांत वेळी जुनी प्रिस्क्रिप्शन्स दाखवायला सांगा, पेशंटचं नाव झाकून. डॉक्टरांचं अक्षर लागायला त्याहून चांगली शाळा नाही. एक्सेलमध्ये बेरीज, फिल्टर आणि तारखांमधला फरक काढणं एवढं यायलाच हवं.

आणि भाषा. मिरजेला कर्नाटकातून पेशंट येणं नवं नाही, वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं आहे. तिथे ज्या मुलीला मोडकं का होईना कन्नड येतं, तिच्या काउंटरसमोर माणसं निवांत होतात. तुमच्या भागात कुठून पेशंट येतात ते बघा आणि त्यांची पाच-पन्नास वाक्यं शिकून घ्या.

नोंदणी: इथली चूक शेवटपर्यंत पाठ सोडत नाही

नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच लिहा, आणि विमा असेल तर पॉलिसीवरचं नाव त्याच्याशी ताडून बघा. आपल्याकडे लग्नानंतर बायकांचं आधार एका नावाचं आणि पॉलिसी दुसऱ्या नावाची असते. हा फरक अ‍ॅडमिशनच्या वेळीच सापडला तर लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र घेऊन प्रश्न सुटतो. डिस्चार्जला सापडला तर सगळे अडकतात. वय, मोबाइल नंबर आणि नातेवाइकाचं नातं पेशंटला परत वाचून दाखवा. आता चौदा आकडी आभा क्रमांकही, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, विचारतात. पेशंटने काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्याची माहिती आपोआप येते, रांग कमी होते आणि स्पेलिंगची चूकही होत नाही.

अपघाताचा पेशंट आला तर आधी डिपॉझिट मागायचं नाही. जीव वाचवण्याचे उपचार कागदपत्रांसाठी थांबता कामा नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय. केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, करायची का, हे डॉक्टर ठरवतात. तुमचं काम म्हणजे केसपेपरवर शिक्का, रजिस्टरला नोंद, पोलीस चौकीला लेखी कळवणं आणि पोचपावती फाइलला लावणं. पुढे विमा कंपनी हीच पोचपावती मागते.

सोनोग्राफी सेंटरवर काम मिळालं तर फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद) डोळ्यांत तेल घालून भरा. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात नोंदीतली त्रुटी हाच कायदाभंग धरला जातो, आणि तो खोटा ठरवायची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर येते. पत्ता अर्धवट, सही राहिली, आधीच्या मुलांची माहिती रिकामी, असल्या चुकांनी मशीन सील होऊ शकतं. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत जायला हवा. आणि कुणी काउंटरवर हळूच "काय आहे?" विचारलं तर एकच उत्तर: हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

टीपीए डेस्क: खरी परीक्षा इथे

विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये टीपीए ही संस्था असते, काही कंपन्यांचं स्वतःचंच खातं असतं. पेशंट भरती झाला की प्रीऑथ फॉर्म पाठवायचा. त्याचा एक भाग नातेवाईक भरतात, दुसरा डॉक्टर. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा (बिल थेट कंपनीने भरण्याचा) निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. तीन तासांवर उशीर होऊन हॉस्पिटलचं बिल वाढलं तर तो खर्च कंपनीवर येतो. हे पाठ ठेवा, आणि मेल पाठवल्याची वेळ वहीत लिहून ठेवत जा. वेळ लिहिलेली असेल तरच भांडता येतं.

पण घड्याळ सुरू होतं ते कागद पूर्ण गेल्यावर. सगळ्यात जास्त क्वेरी एका शब्दावरून येतात: "किती वर्षांपासून". ज्युनियर डॉक्टर घाईत लिहितात, मधुमेह पाच वर्षं. पॉलिसी दोन वर्षांची. झालं, आधीपासूनचा आजार म्हणून प्रश्न आला. अशा आजारांसाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. म्हणून केसपेपरवर लिहिलेलं नीट विचारून लिहिलंय का, हे आरएमओंना, म्हणजे निवासी डॉक्टरांना, त्याच वेळी जाऊन विचारा. एकदा नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेला आकडा फाइलला चढला होता, आणि पेशंटच्या पहिल्या रिपोर्टची तारीख पाहिली तर ती पॉलिसीनंतरची निघाली. डॉक्टरांनी तारीख घालून सहीसकट दुरुस्ती केली, जुना रिपोर्ट जोडला आणि मंजुरी आली. मात्र लक्षात ठेवा, दुरुस्ती डॉक्टरच करतात, तीही खरं असेल तरच. आपण पेनाला हात लावायचा नाही. "मॅडम, जरा दोन वर्षं करा ना" असं नातेवाईक रडून सांगतील. तरीही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खोलीचं भाडं. ही भरतीच्या वेळी समजावून सांगणं हे मी या नोकरीतलं सगळ्यात मोठं कर्तव्य मानते. समजा पॉलिसी तीन लाखांची आहे आणि खोलीची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. पेशंटने ५,००० ची खोली घेतली, चार दिवस. खोलीचा फरक ८,००० झाला, तो माणसाला दिसतो. पण सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट यांचं बिल ६०,००० असेल तर कंपनी त्याचेही खोलीच्याच प्रमाणात पाचातले तीन हिस्से, म्हणजे ३६,००० च धरते. उरलेले २४,००० पेशंटच्या खिशातून. एकूण ३२,००० चा फटका, आणि तो त्याला डिस्चार्जच्या दिवशी कळतो. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे इतर दर बदलत नाहीत, तिथेही लावता येत नाही. अशी कपात चुकून आली असेल तर दरपत्रक जोडून परत मागा. मी भरतीच्या वेळीच हा हिशोब एका कागदावर मांडून नातेवाइकाची सही घ्यायचे. निम्मे लोक लगेच खालची खोली मागायचे.

डिस्चार्जच्या दिवशी फाइल पाठवण्यापूर्वी हे कागद हाताने मोजा: डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, सगळे रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शनसह औषधांची बिलं, लेन्स-स्टेंट-इम्प्लांटचं स्टिकर, ओळखपत्र, अपघात असेल तर एमएलसीची प्रत. स्टिकर ओटीतून फाइल बाहेर येतानाच लागलं पाहिजे, ते सिस्टरांशी गोड बोलून ठरवून घ्या.

मंजुरी आली म्हणजे काम संपलं असं नाही. पैसे काही आठवड्यांनी बँकेत येतात, ते टीडीएस कापून येतात, आणि कधी मंजूर रकमेपेक्षाही कमी येतात. प्रत्येक क्लेमची मंजूर रक्कम, जमा रक्कम, टीडीएस, फरक आणि बँकेचा यूटीआर क्रमांक यांचं एक शीट ठेवा. हे शीट नीट ठेवणारी व्यक्ती मालकाच्या नजरेत भरतेच. माझी पहिली पगारवाढ या शीटनेच झाली.

बिलिंगमधल्या दोन गोष्टी इथेच सांगते. एका पेशंटच्या उपचारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हप्त्याहप्त्याने दिली तरी. आणि आयसीयू सोडून दिवसाला ५,००० च्या वरच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे.

ज्याच्याकडे विमा नाही तो पेशंट

त्याला योजना माहीत नसते. तुम्हाला माहीत असली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत हॉस्पिटलात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार मोफत मिळतात. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राच्या (योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाच्या) टेबलावर पाठवायचं. तुमचं हॉस्पिटल योजनेत नसेल तर जवळचं कुठलं आहे त्याची यादी ड्रॉवरमध्ये ठेवा. ट्रस्टची हॉस्पिटलं असतील तर तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. बहुतेक वेळा तहसीलदारांचा दाखला मागतात. तो मिळायला दिवस जातात, म्हणून भरती झाल्या झाल्या नातेवाइकाला तहसील कचेरीत पाठवा, डिस्चार्जच्या आदल्या रात्री नव्हे.

रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आणि मागितल्यावर दरपत्रक दाखवणं हे राज्यातल्या खासगी हॉस्पिटलांना २०२१ च्या नियमांपासून बंधनकारक आहे. कुणी विचारलं तर कपाळाला आठी न घालता दाखवा.

एमआरडी

पेशंटने फाइलची प्रत लेखी मागितली की ७२ तासांत द्यायची आणि आयपीडीच्या, म्हणजे भरती पेशंटच्या, नोंदी किमान तीन वर्षं ठेवायच्या. एमएलसीच्या फाइली त्याहून कितीतरी जास्त काळ, कुलुपात. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत जायला हवी. हॉस्पिटलात झालेल्या जन्माची माहिती देण्याची जबाबदारी हॉस्पिटलची आहे, आईवडिलांची नव्हे. फाइलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका, ओळखीतला असला तरी. गावातल्या हॉस्पिटलात कोण कशासाठी भरती आहे हे बाहेर बोलणारी मुलगी टिकत नाही.

पुण्या-मुंबईतून अमेरिकन हॉस्पिटलांसाठी कोडिंग करण्याचा रस्ता वेगळा आहे. त्याला सीपीसी ही मेडिकल कोडिंगची परीक्षा लागते, शंभर प्रश्न, चार तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. शरीररचना पक्की असलेल्या विज्ञान पदवीधरांना ती सोपी जाते. तिथे पेशंट समोर येत नाही. ज्यांना माणसांशी बोलायला आवडतं त्यांनी विचार करूनच त्या वाटेला जावं.

नोकरी मिळवताना आणि पहिले काही महिने

जाहिरातींची वाट बघू नका. तुमच्या शहरातल्या हॉस्पिटलांची यादी करा, एक पानाचा बायोडेटा घ्या आणि दुपारी तीन ते पाचमध्ये जा. सकाळी ओपीडीच्या गर्दीत कुणालाच वेळ नसतो. बायोडेटात छंद लिहू नका. टायपिंगचा वेग, कुठल्या भाषा बोलता येतात, रात्रपाळीला तयार आहात का आणि कुठले फॉर्म भरता येतात, हे लिहा. प्रीऑथ फॉर्म विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर मिळतो. तो छापून घ्या आणि घरच्यांच्या नावाने पाच वेळा भरून बघा.

पगार ठरवताना हातात किती येणार ते विचारा. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, वीस माणसांपासून पीएफ. नेमणुकीचं पत्र मागायला लाजू नका.

कामाला लागल्यावर एक दोनशे पानी वही करा. आलेली प्रत्येक क्वेरी, तिचं उत्तर आणि कुठल्या कागदाने सुटली, असं रोज लिहा. तीन महिन्यांत दिसायला लागेल की पंधरा-वीस क्वेरी फिरून फिरून येतात.

आणि ड्यूटी संपवून निघताना पुढच्या मुलीला तोंडी सांगू नका, लिहून द्या: कुठला पेशंट, कुठली क्वेरी, किती वाजता उत्तर पाठवलं, मंजुरी किती वाजेपर्यंत यायला हवी, आणि बाहेर बाकावर कोण थांबलंय, त्याचं नाव आणि मोबाइल. मग बाहेर जाऊन त्या माणसालाही सांगा की आता कुणाला विचारायचं.